कोपर चौकटीत हवेत

कोकणातल्या अष्टमी गावात कागद सांभाळायचा म्हणजे पावसाशी कायमचं वैर घ्यायचं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतींना ओल धरते, ती दसरा झाला तरी पुरती जात नाही. फ्रेममधला फोटो काचेला चिकटतो. कापडात बांधलेल्या फायलींत कसर शिरते. सगळ्यांत वाईट हाल लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रांचे होतात. लोकांना वाटतं, प्लॅस्टिकमध्ये घातलं म्हणजे कल्याण झालं. पण कडेला बारीकशी फट पडली की दमट हवा आत जाते, बाहेर यायला तिला वाट नसते आणि खेळाडूच्या नावावरच नेमकी बुरशी वाढते. असल्या हवेच्या गावात राहून मी निवृत्तीनंतर बधिर खेळाडूंची प्रमाणपत्रं, फोटो, पदकं, कात्रणं आणि मुख्य म्हणजे त्यांच्या आठवणी गोळा करते. नदीपलीकडे रोह्यात ओळखीचं कुणी भेटलं की विचारतं, "बाई, अजून तेच चाललंय का?" तेच चाललंय.

मी बधिर मुलांच्या निवासी शाळेत शिक्षिका होते. खेळाचा तास माझ्याकडे नव्हता. पण संघ बाहेरगावी निघाला की हातांची भाषा येणारं माणूस लागायचं, म्हणून मलाही धाडायचे. मैदानाच्या कडेला उभं राहून पंचांचं बोलणं मुलांना आणि मुलांचं म्हणणं पंचांना सांगणं हे माझं काम. तिथेच एक गोष्ट लक्षात आली. मुलगा जिंकायचा, आणि वार्ताहर येऊन माझी मुलाखत घ्यायचा. कसं शिकवलंत, किती कष्ट पडले, मुलं चिडकी असतात का. जिंकलेला मुलगा शेजारी उभा राहून आमच्या ओठांकडे बघत असायचा. दुसऱ्या दिवशी छापून यायचं त्यात मुलाचं नाव, गाव आणि 'नियतीवर मात' एवढंच त्याचं. बाकी सगळं माझं किंवा मुख्याध्यापकांचं.

हे काम हाती घ्यायला मात्र निमित्त झालं ते एका नोकरीच्या अर्जाचं. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने त्यातून अर्ज केला. प्रमाणपत्र पडताळणीला गेलं आणि तिथे अडलं. ज्या संघटनेने ते दिलं होतं तिचे सही करणारे पदाधिकारी हयात नव्हते, पत्ता बदललेला, जुनं दप्तर कुणाच्या घरी आहे ते कुणाला ठाऊक नाही. वर टेबलावरच्या साहेबांचं म्हणणं, "अपंगांचं म्हणताय ना, मग पॅरालिंपिकचं प्रमाणपत्र आणा." मी समजावून सांगितलं, की बधिर खेळाडू पॅरालिंपिकमध्ये नसतात, त्यांच्या स्पर्धा वेगळ्या. साहेबांनी मान हलवली आणि फाइल बाजूला ठेवली. पोराची वयोमर्यादा उलटली. तेव्हापासून कुणी मला विचारलं, की इतिहास जपून काय मिळतं, तर मी ही फाइल सांगते.

तो वेगळेपणा इथे सांगायलाच हवा, कारण शिकलेल्या माणसांनाही तो माहीत नसतो. बधिरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पॅरालिंपिकच्या कितीतरी आधीची. पॅरालिंपिक 1960 साली रोममध्ये सुरू झालं. बधिरांचे पहिले आंतरराष्ट्रीय खेळ ऑगस्ट 1924मध्ये पॅरिसला झाले. त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात ऑलिंपिक होऊन गेलेलं होतं. नऊ देशांचे सुमारे दीडशे खेळाडू आले होते. हे घडवून आणलं युजेन रुबेन्स-अल्के या फ्रेंच माणसाने. स्वतः बधिर, पेशाने मेकॅनिक, सायकलवेडा, आणि बधिरांसाठी खेळाचं नियतकालिक चालवणारा. मला या माणसाचं सगळ्यांत कौतुक वाटतं ते या नियतकालिकाचं. स्पर्धा भरवणारे पुष्कळ असतात. त्या लिहून ठेवणारे थोडे.

आणि काळ कसला होता! 1880 साली मिलानमध्ये बधिरांच्या शिक्षणाची परिषद भरली आणि तिथे जमलेल्या, बहुतेक ऐकणाऱ्याच, शिक्षकांनी ठरवलं, की मुलांना बोलायलाच शिकवावं, हातांची भाषा वर्गात नको. त्याचे पडसाद जगभर उमटले. आपल्याकडची बधिरांची पहिली शाळा त्याच दशकात मुंबईत निघाली, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. पुढे आपल्याही बहुतेक शाळांत हाच कित्ता गिरवला गेला. मी नोकरीला लागले तेव्हासुद्धा वर्गात हात मागे बांधून बसवायची पद्धत पुरती गेलेली नव्हती. मुलं भाषा शिकायची ती वसतिगृहात, जेवणाच्या रांगेत आणि मैदानावर. मैदानावर कुणी हात धरत नसे. बधिर माणसाला खेळाविषयी विचारलं की तो शाळेविषयी बोलू लागतो, ते यामुळेच.

बधिरांच्या त्या आंतरराष्ट्रीय खेळांना आज डेफलिंपिक्स म्हणतात. ज्याच्या चांगल्या कानाची श्रवणहानी 55 डेसिबल किंवा त्याहून जास्त आहे, अशाच खेळाडूला प्रवेश. आणि मैदानात श्रवणयंत्र काढून ठेवायचं. हे खेळ भरवणारी संघटना काही काळ आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीत होती, 1995 साली बाहेर पडली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि मला ते पटतं: आमचं शरीर धडधाकट आहे, आम्हाला खेळाचे नियम बदलून नकोत, आम्हाला हवाय दिसणारा इशारा आणि आपल्या भाषेत बोलणारी माणसं.

कागदांवर काम करताना खेळांच्या नावातल्या बदलाचा उपयोग होतो. जुन्या प्रमाणपत्रावर साल पुसलेलं असतं. पण 'वर्ल्ड गेम्स फॉर द डेफ' असं छापलेलं दिसलं की ते 2001च्या आधीचं, कारण 'डेफलिंपिक्स' हे नाव त्या साली आलं. उलट घोटाळाही होतो. ब्राझीलमधल्या काशियास दो सूलचे खेळ 2021चे म्हणून ओळखले जातात, पण करोनामुळे ते झाले मे 2022मध्ये. खेळाडूच्या पारपत्रावर एक साल, प्रमाणपत्रावर दुसरं. उद्या कुणी साहेब त्यावर बोट ठेवणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते. म्हणून आमच्या नोंदीत दोन रकाने आहेत: स्पर्धेचं साल आणि प्रत्यक्ष तारीख.

आणखी एक कागद आम्ही आवर्जून घेतो, तो कुणाला महत्त्वाचा वाटत नाही: ऑडिओग्राम. कानाच्या तपासणीचा आलेख, उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. घरचे तो दवाखान्याच्या कागदांत टाकतात आणि पुढे फेकून देतात. पण हा कागद म्हणजे त्या खेळाडूचा प्रवेशपरवाना होता. कुठल्या गावचा मुलगा कुठे जाऊन तपासून आला, त्याच्यासोबत कोण गेलं, खर्च कुणी केला, हे सगळं त्या एका आलेखावरून विचारता येतं.

निकालांचं म्हणाल तर ते आहेत. 1924पासूनचे निकाल डेफलिंपिक्सच्या नोंदींत सापडतात. नाव, देश, प्रकार, क्रमांक. भारतातल्या बधिरांची क्रीडा परिषदही साठच्या दशकातली. म्हणजे आकडे आहेत, माणसं नाहीत. राजीव बग्गा हे नाव बॅडमिंटन बघणाऱ्या किती जणांना सांगता येईल? बधिरांच्या जागतिक खेळांत त्यांनी सुवर्णपदकांची रास लावली, 1991 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, 'शतकातील डेफलिंपियन' हा मान मिळाला, पुढे ते इंग्लंडला गेले आणि तिकडून खेळले. मी क्रीडाशिक्षकांच्या शिबिरात हे नाव घेते तेव्हा खोलीतले एखाद-दोन हात वर होतात.

खाशाबा जाधवांचीही आपण अशीच उपेक्षा केली, हे खरं. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं कांस्यपदक, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो 1984 साली अपघातात गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. पण खाशाबांची गोष्ट गोळेश्वरात आणि कोल्हापुरात तोंडी टिकून राहिली. त्यांच्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकल्याची हकीगत आजही तालमीत सांगतात. तोंडी टिकणाऱ्या गोष्टीला पुढे कागद मिळतो. बधिर खेळाडूची गोष्ट हातांनी सांगितलेली असते. आणि ते हात वाचणारं माणूस त्याच्या वाडीत, पुष्कळदा घरातही, नसतं. तो गेला की सगळं त्याच्याबरोबर जातं.

आता जरा बरे दिवस आहेत. ब्राझीलला पुण्याच्या प्रियेशा देशमुखने हैदराबादच्या धनुष श्रीकांतबरोबर एअर रायफलच्या मिश्र सांघिक प्रकारात सुवर्ण जिंकलं. त्या खेळांत भारताची पदकं सोळा झाली, आठ सुवर्ण. नोव्हेंबर 2025मध्ये तोक्योला, शंभर वर्षांचा सोहळा म्हणावा अशा खेळांत, वीस पदकं आली. महाराष्ट्राच्या प्रांजली धुमाळने 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, शिवाय मिश्र सांघिकमध्येही. या मुलींचे व्हिडिओ आहेत, मुलाखती आहेत, त्यांच्या आईवडिलांनी जपलेलं सगळं मोबाइलमध्ये आहे. त्यांची मला काळजी नाही. काळजी आहे ती त्यांच्या आधीच्यांची, ज्यांनी राष्ट्रीय स्पर्धेला स्वतःच्या खिशातून तिकीट काढलं आणि परत आल्यावर पदक ट्रंकेत टाकून दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

अशांपैकी एक आजोबा आमच्याच अष्टमीतले. लहानपणी मुंबईच्या शाळेत, नंतर गावी. दोनशे मीटर धावायचे. त्यांच्याकडे एकच फोटो आहे, त्यावर साल नाही. साल विचारलं तर ते खांदे उडवतात. बधिर माणूस असो नसो, गावाकडचा माणूस सालाने आठवत नाही. म्हणून मी फिरवून विचारते. स्पर्धेला कसे गेलात? एसटीने, पेणवरून. रेल्वेने का नाही? त्यांनी हात झटकले: रेल्वे कुठे होती! रोह्याला रेल्वे आली 1986 साली; म्हणजे स्पर्धा त्याआधीची. सोबत कोण होतं, तेव्हा लग्न झालं होतं का, फोटोतला हा सदरा कुणाच्या लग्नात शिवला, असं करत करत आम्ही दोन वर्षांच्या आत येऊन पोचलो. यापुढे ओढाताण करायची नाही. नोंदीत 'सुमारे' लिहायचं आणि का लिहिलं तेही लिहायचं.

ऐकण्यासारखं, म्हणजे बघण्यासारखं, ते पुढेच आहे. धावण्याची सुरुवात कशी व्हायची असं विचारलं. आता डेफलिंपिक्समध्ये धावपटूच्या समोर जमिनीवर दिवे असतात. लाल म्हणजे जागेवर, पिवळा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे पळ. आजोबांच्या वेळी एक माणूस निशाण घेऊन उभा असायचा. त्यांनी डावा हात उभा केला, तो निशाणवाला. उजव्या हाताची चार बोटं उभी केली, ती चार धावपटू. मग मान वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून डाव्या हाताकडे बघितलं. बाहेरच्या पट्टीतल्याला निशाण बघायला मान जास्त वळवावी लागायची आणि मान वळलेली असताना पळायला सुरुवात केली की पहिलं पाऊल वाकडं पडायचं. हे सगळं त्यांनी एका शब्दाशिवाय, करंगळीचं पाऊल वाकडं पाडून दाखवलं. मग चार बोटं पुढे निघाली. अनामिका आधी मागे, वळणावर तर्जनीच्या बरोबरीला, आणि शेवटी अर्ध्या पेराने कमी. अनामिका म्हणजे ते स्वतः. रौप्यपदक.

मराठीत मी हे चार ओळींत लिहिलं तर 'वळणानंतर वेग वाढवला, थोडक्यात दुसरा क्रमांक' असं होईल. त्यात खोटं काही नाही. पण ते अर्धं पेर त्यात नाही. म्हणून आमचा मूळ दस्तऐवज म्हणजे चित्रीकरण. लिहिलेलं मराठी त्याच्या सोयीसाठी, वर्णनासाठी. ऐकणाऱ्या लोकांनी सगळा इतिहास आपल्या भाषेत उतरवून घेतला आणि मग हात खाली ठेवायला सांगितले, तसं पुन्हा व्हायला नको.

चित्रीकरणाचं शास्त्र फार मोठं नाही, पण जे आहे ते पाळावं लागतं. नेहमीचा फोटोग्राफर बोलावला की तो चेहऱ्यावर जातो. जवळ, आणखी जवळ, डोळ्यांतलं पाणी. इकडे हात कापले जातात. त्याला मी पहिल्यांदा बजावते: डोक्याच्या वर एक वीत मोकळी, खाली कंबर आणि दोन्ही कोपर चौकटीत हवेत. कोपर गेलं की अर्धं वाक्य गेलं. पाठीमागे सपाट रंग; फुलाफुलांचा पडदा नको, देवांचं कॅलेंडर नको, खिडकी तर नकोच. सदरा त्वचेच्या रंगापेक्षा वेगळा आणि पट्ट्यापट्ट्यांचा नसावा. घरातल्या बायका पाहुण्यांसाठी म्हणून आजोबांना नेमका चौकटीचा नवा सदरा घालतात आणि मला तो बदलायला सांगावा लागतो.

दुसरी अडचण फोटोंची. ऐकणाऱ्या माणसाच्या हातात जुना फोटो दिला की तो बघत बघत बोलतो. बधिर माणसाला ते जमत नाही. फोटो हातात असेल तर बोलायचं कशाने? आणि नजर फोटोवर असेल तर माझा प्रश्न बघायचा कसा? म्हणून फोटो मोठा करून छापून स्टँडवर लावायचा, त्यांना मनसोक्त बघू द्यायचं, मग झाकायचा. झाकला की गोष्ट सुरू होते. तसंच टिपणांचं. मी वहीत लिहायला मान खाली घातली की आजोबा थांबतात, कारण माझे डोळे गेले म्हणजे कान गेले. त्यामुळे मुलाखत चालू असताना लिहायचं नाही, नंतर चित्रीकरण बघून लिहायचं. एका तासाच्या चित्रीकरणाला दोन-तीन दिवस जातात.

प्रश्नही बहुतेक वेळा मी विचारत नाही. माझ्याबरोबर एक तरुण सहकारी आहे, स्वतः बधिर, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी येतो. जुन्या लोकांची भाषा शाळेशाळेप्रमाणे वेगळी असते. घरातच राहिलेल्याची आणखी वेगळी, त्या घरापुरतीच. माझी भाषा शिकलेली आहे, त्याची जगलेली आहे. आजोबांचा एखादा हात मला कळत नाही तिथे तो मध्ये पडतो, तीन-चार तऱ्हेने विचारून बघतो, आणि मग मला सांगतो. दोघं रंगात आले की मला चहा करायला आत जाण्यापलीकडे काम उरत नाही.

नावांचं प्रकरण त्याच्यामुळेच सुटलं. बधिरांच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. हनुवटीवरचा व्रण, केसांचा भांग, एखादी सवय. माझं नाव चष्मा वर सरकवणं. जुना खेळाडू आपल्या संघाची आठवण सांगतो ती अशी: कपाळावर टाका असलेला गोलरक्षक होता, नख खाणारा कप्तान होता. त्यांची कागदावरची नावं त्याला ठाऊक असतातच असं नाही. चाळीस वर्षं त्यांना या नावांनीच ओळखलंय. इकडे माझ्याकडे छापील यादीत अकरा नावं, तिकडे त्यांच्या हातात अकरा खुणा, आणि दोन्हींचा मेळ घालायचा. आता आम्ही प्रत्येक नोंदीत खुणेच्या नावाची दोन सेकंदांची चित्रफीत जोडतो. पेणच्या एकाने दाखवलेली खूण आणि ठाण्याच्या दुसऱ्याने दाखवलेली खूण जुळली की एकदम पाच-सहा फोटो बोलू लागतात.

बायकांचा इतिहास शोधणं याहून कठीण. मुलगी खेळली ती माहेरच्या आडनावाने. प्रमाणपत्रं माहेरच्या माळ्यावर राहिली, भावाने घर बांधताना माळाच गेला. सासरी कुणाला ती खेळत होती हेच माहीत नसतं. पेणजवळ एक बाई आहेत, गोळाफेकीत राज्यपातळीवर पदकं मिळवलेल्या. आज त्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. हमरापूर-जोह्याकडचे कारखाने बघितलेल्यांना माहीत असेल, हंगामात तिथे मान वर करायला फुरसत नसते. मी गेले तेव्हा त्या मूर्तीच्या सोंडेवर हात ठेवून बसल्या होत्या. उजव्या हातात ब्रश. त्यांनी डाव्या हातानेच सांगितलं: गणपती झाल्यावर या. एका हाताने बोललेलं ते वाक्य कारखान्याच्या मालकिणीला कळलं नाही, मला कळलं. गणपतीनंतर गेले तर त्या बोलल्या, भरपूर बोलल्या. पण शेवटी म्हणाल्या, हे नवऱ्याकडच्यांना दाखवू नका. मग ते दाखवायचं नाही. संमतीचा कागद आम्ही मराठीत ठेवतोच, पण तो वाचून सही करणं आणि समजून सही करणं यांत फरक आहे. म्हणून संमतीसुद्धा हातांच्या भाषेत चित्रित करून घेतो. कुणी दोन वर्षांनी नको म्हटलं तरी काढून टाकतो. यावरून मला पुष्कळ ऐकावं लागतं, की एवढं मिळालेलं का घालवता. ती बाई माझ्या संग्रहाची सामग्री नव्हे, एवढंच मी सांगते.

आमच्या अष्टमीच्या मोहल्ल्यातलं एक घर मात्र मला संग्रहालयासारखं वाटलं. थोरले भाऊ कुवेतला, धाकटा बधिर भाऊ फुटबॉल खेळायचा. आई वारल्यावर घरातलं सामान आवरताना थोरल्याने धाकट्याची सगळी प्रमाणपत्रं बरोबर नेली होती, सुक्या हवेत राहतील म्हणून. कोकणातल्या पावसात जे गेलं असतं ते वाळवंटात शाबूत राहिलं. त्यांनी मोबाइलवर एकेकाचे फोटो पाठवले. मी त्यांना उलट्या बाजूचेही पाठवायला सांगितले. मागच्या बाजूला त्यांच्या अम्मीने पेन्सिलीने उर्दूत तारखा आणि गावांची नावं लिहून ठेवलेली. "तिला लिहिता-वाचता एवढंच यायचं," असं भाभी म्हणाल्या. मोठमोठ्या संस्थांच्या दप्तरांत मला इतकी नेटकी नोंद भेटलेली नाही.

कात्रणांचा ढीग वाचताना मात्र जीव विटतो. 'मुक्या ओठांचं यश', 'शांततेचा विजयनाद' असले मथळे. बातमीत वेळ नाही, अंतर नाही, प्रतिस्पर्धी कोण ते नाही. आईचे अश्रू आहेत. त्यापेक्षा हरयाणाच्या वीरेंदर सिंगवरचा 'गूंगा पहलवान' हा माहितीपट बघावा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या पैलवानाने डेफलिंपिक्समध्ये एकाहून अधिक वेळा सुवर्ण जिंकलं. नोव्हेंबर 2021मध्ये पद्मश्री घेतली आणि लगेच आपली पदकं घेऊन दिल्लीत हरयाणा भवनाबाहेर फुटपाथवर जाऊन बसला: पॅरालिंपिकवाल्यांइतका मान आणि पैसा आम्हालाही द्या. त्याचा तिथला फोटो देशभर छापला गेला. त्यात अश्रू नाहीत, मागणी आहे. माझ्या दृष्टीने तो बधिरांच्या क्रीडा-इतिहासातला पहिल्या प्रतीचा दस्तऐवज.

आमचा संग्रह लहान आहे. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही; स्कॅन करून ज्याचा त्याला परत देतो, आम्लविरहित कागदी पाकिटात घालून. प्रती तीन, तीन वेगळ्या जागी, त्यातली एक घाटावर. कुंडलिका नदीचा भरवसा नाही, 26 जुलै 2005चा पूर आम्ही विसरलेलो नाही. दिल्लीतलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन केंद्र 2015 साली सुरू झालं, त्यांचा शब्दकोश वाढतोय, त्याचा आम्हाला उपयोग होतो. पण जुन्या खेळाडूंचे मैदानावरचे हात, पंचाला 'हे खोटं' म्हणायचा हात, 'पुन्हा घ्या' म्हणायचा हात, हे त्या माणसांकडूनच घ्यावे लागतील, आणि त्यांतले बरेचजण सत्तरीच्या पुढे आहेत.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, वाडीत, गिरणगावातल्या जुन्या चाळीत कुणी बधिर माणूस कधीकाळी खेळलेला असेल, तर त्याची ट्रंक या उन्हाळ्यातच उघडा, पावसाची वाट बघू नका. काही लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने नावं लिहा, बॉलपेन नको. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट त्याचा फोटो काढा. आणि हातांची भाषा येणारा एक माणूस, शक्यतो बधिरच, बरोबर घेऊन त्यांना बोलू द्या. मोबाइल आडवा धरा, दोन्ही कोपर दिसू देत, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत बंद करू नका.